कॉमनवेल्थ अहमदाबादला, कोल्हापूरनं मागायचं काय?

२६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोत भरलेल्या सभेत २०३० ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादच्या पदरात पडली. तेव्हापासून कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर बसा नाहीतर मिरजकर तिकटीला चहाला थांबा, दोन मतं हमखास कानावर पडतात. एक म्हणतं, इंग्रजांच्या जुन्या प्रजेची ही जत्रा, तिचं कौतुक आपण कशाला करायचं? दुसरं म्हणतं, आता आणलीच आहे तर कुस्ती तरी आमच्या खासबाग मैदानात घ्या की! 'सगळं गुजरातलाच कसं काय जातं' असं एक तिसरं मतही असतं, पण ते दुखणं खेळापुरतं नाही. त्यात शिरलो तर बाकीचं सगळं राहून जाईल.

मला ही स्पर्धा हवी आहे. ज्या कारणासाठी ती हवी ते कारण मात्र दोन्ही मतांत कुठं नाही. आणि खासबागेतल्या कुस्तीची मागणी कितीही गोड वाटली तरी कोल्हापूरनं ती करू नये असं मला वाटतं.

इंग्रजांचा मुद्दा आधी उरकतो. १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला ही स्पर्धा 'ब्रिटिश एम्पायर गेम्स' या नावानं सुरू झाली हे खरं. भारत १९३४ ला लंडनमध्ये पहिल्यांदा उतरला आणि एकच पदक घेऊन आला, तेही कुस्तीतलं. रशीद अन्वर यांचं कांस्य. पुढं नावातून आधी 'एम्पायर' गेलं, मग 'ब्रिटिश' गेलं. १९५८ ला कार्डिफमध्ये मिल्खासिंग ४४० यार्डांत आणि लीला राम हेवीवेट कुस्तीत सोनं घेऊन आले, तेव्हा कुणी त्यांना गुलाम म्हटलं नाही. आणि कोल्हापूरकरानं तर हा मुद्दा काढूच नये. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी. त्याच प्रवासात रोमचं मैदान त्यांच्या डोळ्यांत भरलं आणि १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. बादशहाच्या समारंभाला गेलेला राजा परत येताना काय घेऊन आला, ते आपण शंभर वर्षं वापरतो आहोत.

दुसरी टीका जड आहे, आणि ती टाळून चालणार नाही. ती म्हणते, कॉमनवेल्थची पदकं स्वस्त असतात. आकडे तिच्या बाजूनं आहेत. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये भारताचे बारा कुस्तीगीर उतरले आणि बाराच्या बारा पदक घेऊन आले, त्यात सहा सुवर्ण. त्याच्या आदल्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये कुस्तीत पदकं आली दोन आणि २०२४ ला पॅरिसमध्ये एक. याचं गुपित काही नाही. राष्ट्रकुलात रशिया नाही, इराण नाही, जपान नाही, अमेरिका नाही. कुस्तीत ज्यांच्याशी झुंजायचं ते बहुतेक सगळे बाहेरच. मग कॅनडा, नायजेरिया, पाकिस्तान, इंग्लंड यांच्याशी कुस्त्या करून यायचं आणि विमानतळावर ढोल वाजवायचे.

नेमबाजीचं चित्र तर आणखी चमत्कारिक. २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये भारतीय नेमबाजांनी सोळा पदकं मिळवली, पैकी सात सुवर्ण. त्याच्या आधीच्या रिओ ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत शून्य, नंतरच्या टोकियोत शून्य. मग बर्मिंगहॅमनं २०२२ ला नेमबाजी कार्यक्रमातूनच काढून टाकली. आपल्याकडं मोठा गदारोळ झाला, स्पर्धेवर बहिष्कार घालण्यापर्यंत भाषा गेली. आणि पॅरिसमध्ये काय झालं? तीन पदकं. तिन्ही कांस्य, पण तीन. त्यातलं एक आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं.

म्हणजे कॉमनवेल्थमध्ये खोऱ्यानं पदकं ओढली तेव्हा ऑलिंपिकमध्ये हात हलवत परत आलो, आणि कॉमनवेल्थमधून खेळच गेला तेव्हा ऑलिंपिकमध्ये पदकं आली. हे पाहून कुणी म्हणालं की ही स्पर्धा बिनकामाची, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. तरीही तो चुकतो, कारण तो पदकांची बेरीज करतो आणि खेळाडूकडं बघत नाही.

स्वप्निलकडंच बघू. पॅरिसच्या आधी दोन वर्षं, २०२२ ला कैरोत जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. पदक हुकलं, पण देशासाठी ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे प्रवेशाची एक जागा, मिळाला. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळालं. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र तो चांगला पुढं असताना उभ्या स्थितीत एक गोळी ७.६ वर गेली. दहाच्या आसपास खेळणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ७.६ म्हणजे काय, हे नेमबाजच जाणे. पुन्हा चौथा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि शेवटी उभं राहून अशा तिन्ही स्थितींतून जाताना तो उभ्या स्थितीतच वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा आला. पात्रता फेरीत सातवा असलेला गडी अंतिम फेरीत तिसरा.

ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येतं आणि तिथं शिकवणी नसते. मोठ्या प्रेक्षकांपुढं, तिरंगा छातीवर असताना, एक गोळी वाईट जाण्याचा अनुभव आधी कुठंतरी घेऊन ठेवावा लागतो. कैरो आणि हांगझोऊनं स्वप्निलला तो दिला. कॉमनवेल्थचं खरं काम हेच आहे: ऑलिंपिकच्या खाली एक अशी पायरी असणं, जिथं दडपण खरं असतं पण पडलं तर आयुष्य संपत नाही. ही पायरी सगळ्यांत उंच नाही. आशियाई स्पर्धा तिच्या वर आहे, जागतिक स्पर्धा त्याहून वर. पण मधली पायरी काढली तर खालच्याला उडी मारावी लागते, आणि उडी मारायची ताकद ज्याच्या घरात पैसा आहे त्याच्याच पोराकडं असते.

कोल्हापूरचीच नेमबाज तेजस्विनी सावंत, तिचं उदाहरण उलट्या बाजूनं बघा. २००६ ला मेलबर्नच्या राष्ट्रकुलात दोन सुवर्ण, २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनची, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराची, जगज्जेती, २०१८ ला गोल्ड कोस्टला पुन्हा एक सुवर्ण आणि एक रौप्य, आणि वयाच्या चाळिशीत टोकियो ऑलिंपिक. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलात जोडीनं सुवर्ण मिळवते, २०१४ ला ग्लासगो राष्ट्रकुलात २५ मीटर पिस्तूलमध्ये एकटीनं मिळवते आणि २०१८ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरते. दोघींच्या वाटचालीत राष्ट्रकुल सुरुवातीला आहे, मध्येही आहे. हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा तर द्या. मी देणार नाही.

आता जी गोष्ट पेठेत सगळ्यांना माहीत असते पण लेखात कुणी लिहीत नाही, ती सांगतो. आपल्याकडं आंतरराष्ट्रीय पदक म्हणजे नोकरी. राही पदकांमुळे थेट उपजिल्हाधिकारी झाली. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला पोहलेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवून पोहण्यातला भारताचा १९८६ पासूनचा दुष्काळ संपवणारा वीरधवल खाडे तहसीलदार झाला. स्वप्निल रेल्वेत टीसी होता म्हणून त्याचा खेळ चालू राहिला. मध्यमवर्गीय घरातला बाप पोरीला रायफल घेऊन देताना 'पुढं काय?' हा एकच प्रश्न मनात धरून असतो, आणि त्याचं उत्तर सरकारच्या थेट नियुक्तीच्या नियमात असतं. त्या नियमात ऑलिंपिक आणि आशियाईच्या जोडीला राष्ट्रकुलचं नाव असतं. ऑलिंपिकचं पदक लाखात एकाला. राष्ट्रकुलचं पदक मात्र मेहनती, हुशार, पण जगातला सर्वोत्तम नसलेल्या खेळाडूलाही शक्य असतं. म्हणजे ज्या पदकाला आपण 'स्वस्त' म्हणून नाक मुरडतो, त्याच पदकाच्या भरवशावर शंभर घरांतली पोरं मैदानावर टिकून राहतात. त्या शंभरांतूनच एखादा पुढं जातो.

हे एकदा ध्यानात घेतलं की खेळांच्या यादीचा प्रश्न किती गंभीर आहे ते दिसतं. राष्ट्रकुलात कुठले खेळ घ्यायचे यात यजमानाचा हात फार मोठा. कुस्ती १९८६ पर्यंत कायम होती. १९९० ला ऑकलंडनं वगळली, १९९४ ला परत आली, १९९८ ला क्वालालंपूरनं वगळली, २००६ ला मेलबर्ननं वगळली. २०२६ च्या ग्लासगोच्या दहा खेळांत ती नाही. नेमबाजी २०२२ ला गेली, २०२६ लाही नाही. त्या दहांत हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, टेबल टेनिस नाही. लॉन बोल्स आहे आणि नेटबॉल आहे. ग्लासगोला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं जुलै २०२३ मध्ये 'परवडत नाही' म्हणून हात वर केले, २.६ अब्ज डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर गेला असं सांगितलं आणि ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देऊन मोकळं झालं. ग्लासगोनं चार मैदानांत बसेल एवढीच स्पर्धा घेतली म्हणून ती निदान वाचली तरी. बुडत्या स्पर्धेला आधार देणाऱ्यानं सगळ्यांचे लाड पुरवावेत अशी अपेक्षा कशी करायची?

पण खेळाडूच्या बाजूनं बघा. एखाद्या मुलीनं बाराव्या वर्षी पिस्तूल हातात घेतलं तर तिच्या खेळाला बहर यायला आठ-दहा वर्षं जातात. त्या काळात तिचा खेळ यादीत आहे की नाही हे लंडन, मेलबर्न, बर्मिंगहॅम किंवा अहमदाबादमधली समिती दर चार वर्षांनी नव्यानं ठरवणार. २०१८ ला अठरा वर्षांची असलेली नेमबाज २०३० ला तिशीत पोचते. मधल्या दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धा तिच्यासाठी झाल्याच नाहीत. यात तिचा काय गुन्हा? आपल्याकडं गावच्या यात्रेचं मैदान रद्द झालं तरी मल्लाला शेजारच्या गावचं असतं. हिला शेजारचं गाव नाही.

अहमदाबादचं यजमानपद जाहीर झालं तेव्हा पंधरा ते सतरा खेळ असतील असं सांगण्यात आलं आणि नक्की ठरलेल्या खेळांची एक पहिली यादी आली. त्यात अॅथलेटिक्स, पोहणं, टेबल टेनिस, बोल्स, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स, नेटबॉल, बॉक्सिंग होतं. कुस्ती आणि नेमबाजी त्या पहिल्या यादीत नव्हत्या. यजमान भारत असल्यामुळं दोन्ही परत येतील, असं धरून चालायला हरकत नाही. पण परत येण्यातच धोका आहे. आपण आपल्या सोयीचे खेळ घालणार, तक्त्यात वर जाणार, फटाके वाजवणार. आणि २०३४ चा यजमान पुन्हा त्याच्या सोयीचे घालणार. यजमान म्हणून भारताच्या हातात आज जे वजन आहे ते एका स्पर्धेची पदकं वाढवण्यात खर्चू नये. निदान तीन स्पर्धांसाठी, म्हणजे बारा वर्षांसाठी, खेळांचा एक गाभा पक्का करा आणि यजमानाला त्याच्या बाहेर चार-दोन खेळांची मोकळीक द्या, असा नियम लावून घ्यायला ते वजन वापरावं. दिल्लीत २०१० ला भारतानं ३८ सुवर्णांसह १०१ पदकं मिळवली होती. पंधरा वर्षांनी त्यातली किती आठवतात? आठवतो तो स्टेडियमजवळ कोसळलेला पूल आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल.

आता खासबाग.

तांत्रिकदृष्ट्या ही मागणी वेडगळ नाही, हे मी मान्य करतो. २०१४ च्या ग्लासगो स्पर्धेतली नेमबाजी ग्लासगोत नव्हतीच. पूर्व किनाऱ्यावर बॅरी बडनला होती, आणि राहीनं सोनं तिथंच मिळवलं. बर्मिंगहॅमची ट्रॅक सायकलिंग लंडनला झाली. एवढंच काय, २०२२ ची वगळलेली नेमबाजी आणि तिरंदाजी चंडीगडला घेऊन पदकं स्पर्धेनंतरच्या अंतिम तक्त्यात धरायची असं ठरलंही होतं; कोविडमुळं ते बारगळलं. तेव्हा अहमदाबादची कुस्ती कोल्हापुरात घेता येणारच नाही असं काही नाही. हजारो लोक तिकीट काढून येतील, आणि बाहेरच्या मल्लालाही टाळ्या देतील, एवढा या गावाच्या रसिकतेवर माझा विश्वास आहे.

मला आक्षेप आहे तो नंतरच्या दिवसावर. मॅटवरच्या कुस्त्यांसाठी वर छप्पर, दिवे, प्रसारणाची सोय, सरावाचे हॉल हे सगळं उभं करावं लागणार. खासबागेच्या तांबड्या मातीवर गादी अंथरून ते होत नाही, आणि त्या मैदानाला तसं हात लावूही नये. मग कुठंतरी नवा हॉल होणार, आठवडाभर गाजणार, पुढं त्यात लग्नाचे स्वागत समारंभ आणि राजकीय मेळावे होणार. पुण्याच्या बालेवाडीचं उदाहरण लोक देतात, आणि ते योग्य आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभं राहिलेलं ते संकुल २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेलाही उपयोगी पडलं आणि तिथल्या रेंजवर अजूनही खेळाडू घाम गाळतात. पण बालेवाडी जगली ती तिथं वर्षभर शिबिरं आणि स्पर्धा होत राहिल्या म्हणून. नुसत्या उद्घाटनावर ती जगली नसती.

कोल्हापूरच्या कुस्तीचं मर्म काय होतं, ते आपणच विसरलो आहोत. खासबाग हे तिचं शिखर. पण तिचा पाया होता गावोगावच्या यात्रेचं मैदान. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुपार कलली की हलगी कडाडायला लागते. फेटे बांधलेले पंच मैदानाच्या मधोमध. कडेला लंगोट लावलेली सहा-सात वर्षांची पोरं रांगेत उकिडवी बसलेली, अंगाला माती चोळून आधीच लाल झालेली. पंच दोन पोरांचे दंड धरून त्यांना शेजारी उभं करतात, उंची बघतात, खांद्यावर हात दाबून अंदाज घेतात आणि म्हणतात, 'लाव जोड.' जिंकलेल्याला रेवड्या किंवा नारळ. मग दहा-वीस रुपयांच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. ऊन उतरेल तशी रक्कम चढत जाते. शेवटी एक नंबरची जोड लागते तेव्हा दिवे लागलेले असतात आणि झाडावरसुद्धा माणसं असतात. मधल्या वेळात एखादा हौशी माणूस आवडत्या मल्लाच्या हातात नोट कोंबून जातो, ते वेगळंच.

यातली गंमत शेवटच्या जोडीत नाही. रेवडीपासून लाखाच्या इनामापर्यंत एकही पायरी सुटलेली नसते. रेवडीवर हरलेलं पोरगं पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात पुन्हा लढतं. हंगामात पन्नास कुस्त्या करणारा सोळा वर्षांचा गडी आपल्याकडं नवलाचा नव्हता. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य आणलं ते याच साखळीच्या जोरावर. जगात बहु-क्रीडा स्पर्धा भरवणाऱ्या संघटना जे कागदावर आखतात, ते आमच्या यात्रा कमिट्या वर्गणीवर करत होत्या.

मग अडलं कुठं? मातीची साखळी शाबूत राहिली आणि जग गादीवर गेलं. खाशाबा जाधव १९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडनला गेले आणि अनोळखी गादीवर, अनोळखी नियमांत सहावे आले. हरल्यानं नेमकं काय कमी पडतंय ते त्यांना कळलं. १९५२ ला पैशाची अडचण आली तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि हेलसिंकीहून कांस्य आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर आजवर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक नाही. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली आणि ते आलं रायफलमधून.

मल्लांना दोष देऊ नका. त्यांचा हिशोब चोख आहे. खुराक महाग: दूध, तूप, बदाम, थंडाई, वर तालमीचा खर्च. तो निघतो यात्रांच्या हंगामातून, आणि यात्रेत माती असते. गादीचा सराव करून राज्य निवड चाचणीत तिसरा आलेल्याला मिळतं प्रमाणपत्र. त्याच महिन्यात मातीवर चार कुस्त्या मारल्या तर महिन्याचा खुराक निघतो. 'महाराष्ट्र केसरी'त माती आणि गादी असे दोन विभाग करून शेवटची कुस्ती गादीवर घेतली जाते, ही तडजोड शहाणपणाची आहे. पण ती सगळ्यांत वरच्या पायरीवरची. खालच्या पायऱ्यांवर गादी अजून पाहुणीच आहे. काही साखर कारखान्यांनी मॅटवरच्या स्पर्धा आणि मल्लांना मानधन असा पायंडा पाडला आहे. कागलच्या शाहू कारखान्याचं नाव त्यात घ्यावं लागेल. असे दहा निघाले तर फरक पडेल.

मुलींच्या बाबतीत तर गादीला पर्यायच नाही. तालमीच्या आखाड्यात मुलीनं पाऊल टाकायचं नाही ही रीत आपण पिढ्यान् पिढ्या पाळली, आणि मग कोल्हापूरच्या मुली पदकं घेऊन आल्या त्या रेंजवरून. त्यांनी आपल्याला विचारलं नाही, हे बरंच झालं.

म्हणून माझं म्हणणं, कोल्हापूरनं हॉल मागू नये, स्पर्धा मागाव्यात. दरवर्षी, ठरलेल्या आठवड्यात, राष्ट्रीय मानांकनासाठी धरली जाणारी एक कुस्ती स्पर्धा आणि एक नेमबाजीची निवड स्पर्धा इथं व्हावी. २०३० च्या आधी चार वेळा आणि नंतरही. त्यासाठी लागणारं सामान तात्पुरतं नसतं: गाद्या, वजनकाटे, रेंजवरची इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं, परवानाधारक पंच. ते वर्षभर वापरात राहतं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा लागणार असतं. बाहेरचे खेळाडू येतील, आमच्या पोरांना घरच्या मैदानावर मार देतील. द्यायलाच पाहिजे. हरियाणातल्या सोनीपतच्या गड्याकडून दहा-शून्यनं हरायला आमच्या पोराला आधी आरक्षण काढून, रेल्वेत दोन रात्री बसून जावं लागतं. तो गडीच इकडं येऊ दे की.

आणि राज्य सरकारकडं एक मागणी, जिला पैसाही फारसा लागत नाही. यजमानाच्या लहरीनं राष्ट्रकुलातून एखादा खेळ गेला, तर त्या चार वर्षांत त्या खेळातल्या आशियाई अजिंक्यपद किंवा तत्सम स्पर्धेतल्या पदकाला नोकरी आणि बक्षिसासाठी राष्ट्रकुलच्या पदकाइतकंच वजन मिळेल, असं नियमात स्पष्ट लिहा. पॅरिसनंतर बक्षिसाच्या रकमेवरून स्वप्निलच्या वडिलांनी जाहीर नाराजी व्यक्त केली तेव्हा पुष्कळांनी त्यांनाच बोल लावला. शिक्षकाच्या पगारात पोराला नेमबाजी करू देणं म्हणजे काय हे ज्यांनी सोसलं, त्यांनी हिशोब मागितला तर बिघडलं कुठं? पदकानंतर किती द्यायचं यावर आपण आठवडाभर वाद घातला. पदकाच्या आधीच्या बारा वर्षांत कुणी काय दिलं यावर एक दिवसही नाही.

यात 'आम्ही काय करायचं, ते दिल्ली-मुंबईत ठरतं' असं म्हणायची सोय आहे, पण सगळ्या बाबतीत नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की गावोगावच्या यात्रांचा हंगाम रंगात येतो, कमिट्यांच्या बैठका होतात, इनामं ठरतात, पत्रकं छापून होतात. या वर्षीच्या पत्रकात एक ओळ वाढवायला कुणाची मंजुरी लागत नाही. चौदा वर्षांखालच्या कुस्त्या गादीवर लावा. पाच-सहा गावांनी मिळून एक मॅट घ्या आणि टेम्पोतून या गावाहून त्या गावाला फिरवा. खांदा दाबून जोड लावण्याआधी पोराला काट्यावर उभं करा आणि वजन वहीत लिहा. मुलींच्या किमान पाच कुस्त्या ठेवा, इनाम मुलांइतकंच. एक नंबरची जोड मातीवरच राहू दे. तिच्यासाठी लोक येतात आणि वर्गणीही तिच्याच नावावर जमते.